पाटीवर काम कोणाचं?

दापोलीपासून खाली मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं गेलात तर गेल्या काही वर्षांत पाट्यांवर चढलेला एक शब्द जागोजागी भेटेल: वर्केशन. 'वर्क' आणि 'व्हेकेशन' या दोन इंग्रजी शब्दांना कात्री लावून उरलेले तुकडे सांधले की हा तयार होतो. लॅपटॉप घेऊन समुद्राकाठी यायचं, नोकरीचे तास तिथूनच भरायचे आणि संध्याकाळी पुळणीवर फिरायला जायचं, एवढाच त्याचा अर्थ. करोनाची टाळेबंदी सैल होऊ लागली तसा हा प्रकार जगभर फोफावला. पर्यटनावर पोट असलेल्या बार्बाडोस बेटानं जुलै 2020 मध्ये अशा पाहुण्यांसाठी बारा महिन्यांचा खास व्हिसा काढला. जपानच्या सरकारनं त्याच उन्हाळ्यात ओस पडलेल्या पर्यटनस्थळांसाठी हाच शब्द उचलून धरला. आपल्याकडे तो मुंबई-पुण्याच्या गाड्यांबरोबर घाट उतरला आणि आता ग्रामसभेपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत त्याच्यावरून हमरीतुमरी होते.

भांडायला हरकत नाही, पण भांडण भलत्याच मुद्द्यावर चाललं आहे. एका बाजूला निवृत्त शिक्षक, वाचनालयाचे पदाधिकारी, मराठीची काळजी वाहणारी मंडळी. त्यांना हे कडबोळं पाटीवर नको. दुसऱ्या बाजूला होमस्टे चालवणारी तरुण पोरं. त्यांचं म्हणणं, शब्द इंग्रजी असो की चिनी, गिऱ्हाईक त्याच शब्दानं आम्हाला मोबाइलवर शोधतं, तुम्ही पैसे देणार आहात का? मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात. शब्द परका आहे ही त्याची खोट नव्हे, आणि तो खपतो म्हणून तो निर्दोषही ठरत नाही. त्याची खरी खोट अशी की ज्या घरात हा पाहुणा उतरतो त्या घरातलं काम त्याच्या हिशेबातच नाही. काम काय ते पाहुण्याचं. यजमानीण पहाटेपासून रात्रीपर्यंत जे करते ते बहुधा निसर्गरम्य वातावरणात मोडत असावं.

आधी मराठीवाल्यांचं बोलणं घेऊ, कारण त्यात तथ्य आहे आणि ते हसण्यावारी नेलं जातं. गावातली पाटी गावातल्या माणसाला वाचता यावी, तिच्यावर काय लिहिलंय ते सत्तर वर्षांच्या आजीला कळावं, ही मागणी प्रतिगामी कशी म्हणता येईल? आणि याच किनाऱ्यावर या वादाला मोठी परंपरा आहे. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात त्यांनी भाषाशुद्धीचा हिरिरीनं पुरस्कार केला. तेव्हा त्यांची टिंगलही भरपूर झाली. पण 'दिनांक' आणि 'महापौर' हे त्यांनी दिलेले शब्द आज टिंगल करणाऱ्यांची नातवंडंही बिनदिक्कत वापरतात. तेव्हा नवा मराठी शब्द रुळतच नाही, हा युक्तिवाद टिकत नाही.

पण म्हणून परका शब्द आला की भाषा बाटली, हेही या किनाऱ्यावरच्या माणसानं कुठल्या तोंडानं म्हणायचं? ज्या हापूसच्या नावावर आपण मे महिना काढतो तो अल्फान्सोचा अपभ्रंश. काजू, अननस, बटाटा, पाव, चावी, सगळी पोर्तुगीजांची देण. इतकंच काय, 'पगार' हा शब्दही त्यांचाच, आणि तो परका म्हणून कोणी पहिल्या तारखेला परत केल्याचं ऐकिवात नाही. शिवाय 'वर्केशन'ला कोणी उद्या 'कार्यपर्यटन' किंवा 'कामसहल' असा प्रतिशब्द काढला, पाटी शुद्ध मराठीत रंगवली, तर माझा आक्षेप मिटेल का? मुळीच नाही. त्या शुद्ध शब्दातही काम पाहुण्याचंच राहील.

तुकडे सांधून केलेल्या शब्दांवर सरसकट नाक मुरडणंही मला पटत नाही. अशा शब्दांत जी धार असते ती साध्या शब्दांत क्वचित येते. लंडनमध्ये शतकभर काळं धुकं पडत होतं आणि लोक त्याला धुकंच म्हणत होते, म्हणजे जणू देवाची करणी. 1905 साली कोळशाच्या धुराविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या दे व्हो नावाच्या डॉक्टरनं 'स्मोक' आणि 'फॉग' एकत्र करून 'स्मॉग' हा शब्द सार्वजनिक आरोग्याच्या परिषदेपुढे ठेवला. त्या एका शब्दानं धुक्यातला धूर वेगळा काढून दाखवला. जिथे धूर आहे तिथे धुराडं आहे, आणि जिथे धुराडं आहे तिथे त्याचा मालक आहे. अर्थात शब्दानं लगेच काही झालं नाही. डिसेंबर 1952 च्या पाच दिवसांत लंडनमध्ये हजारो माणसं मेली, मग 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. पण कायदा ज्यावर झाला त्या गोष्टीला नाव आधीच मिळालेलं होतं. त्याही आधी, 1812 साली, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या राजवटीत मतदारसंघांच्या सीमा स्वपक्षाच्या सोयीनं वाकड्यातिकड्या आखल्या गेल्या. त्यातल्या एका मतदारसंघाचा आकार सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसतो म्हणून बोस्टनच्या एका वृत्तपत्रानं गव्हर्नरसाहेबांचं आडनाव त्या प्राण्याला जोडलं आणि 'गेरीमँडर' हा शब्द झाला. गेरी पुढे देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, तरी आज त्यांचं नाव निघतं ते त्या प्राण्यामुळे. हे शब्द करणाऱ्याचं नाव वेशीवर टांगतात.

आता दुसऱ्या जातीचा शब्द पाहा. 'ब्रंच'. 1895 साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकानं ही कल्पना मांडली: रविवारी लवकर उठून न्याहारी करण्यापेक्षा उशिरा उठावं आणि न्याहारी व दुपारचं जेवण एकदमच उरकावं, म्हणजे शनिवारची रात्र मजेत जागवता येते. किती सोयीचं! पण एकोणिसाव्या शतकातल्या त्या घरात चूल कोण पेटवत होतं? ती बाई रविवारी उशिरा उठली असेल का? शब्दात दोन जेवणं एक झाली, स्वयंपाकघरातलं काम मात्र तेवढंच राहिलं. 'वर्केशन' या जातीतला आहे. असा शब्द खाणाऱ्याच्या आणि राहणाऱ्याच्या बाजूनं बनतो, रांधणाऱ्याला आणि झाडणाऱ्याला त्यात जागा नसते.

याचा पुरावा पाट्यांवरच आहे. कोकणात पर्यटन वाढू लागलं तेव्हापासून घराघरांवर एक ठरलेली पाटी असायची: 'घरगुती जेवणाची व राहण्याची उत्तम सोय'. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, खाली मोबाइल नंबर, कडेला हौसेनं काढलेला माड. भाषेच्या दृष्टीनं काही खास नाही, 'उत्तम' तर सगळेच लिहायचे. पण ती पाटी नीट वाचा. जेवण, राहणं आणि सोय. सोय आपोआप होत नसते, कोणीतरी ती करतं, आणि 'घरगुती' म्हटलं की कोण करतं तेही कळतं. ती पाटी यजमानाच्या कामाची जाहिरात होती. नवी पाटी पाहुणा काय करणार त्याची जाहिरात आहे. घर तेच, माणसं तीच, फक्त कर्ता बदलला. भाषेवर प्रेम करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांवर तुटून पडण्यापेक्षा हा बदल पकडायला हवा होता.

आमच्या शेजारच्या वहिनींकडे गेल्या पावसाळ्यात एक जोडपं महिनाभर राहिलं. माणसं सज्जन, बोलायला गोड, पैशाला चोख. त्यांचं टेबल पडवीत मांडलेलं, कारण नेटवर्क तिथेच मिळतं. सकाळी साडेअकराची वेळ. वहिनी स्वयंपाकघरात खोबऱ्याचं वाटण लावत होत्या, कढईत कांदा टाकलेला, एक शेगडी भातानं अडवलेली. पडवीतून आवाज आला, "काकू, दहा मिनिटं मिक्सर थांबवता का? क्लायंट लाइनवर आहे." वहिनींनी मिक्सर थांबवला. दहाची पंचवीस मिनिटं झाली. कांदा करपला, तो काढून दुसरा चिरला. एक वाजता पाहुणे ताटावर बसले तेव्हा आमटी अजून उकळत होती आणि वहिनीच ओशाळून म्हणाल्या, "आज जरा उशीरच झाला हो." ते दोघंही समजूतदार, "नो प्रॉब्लेम काकू" म्हणाले. कोणीच वाईट वागलं नाही. पण त्या घरात त्या वेळी दोन माणसं काम करत होती. त्यातल्या एकाचं काम मीटिंग ठरलं आणि दुसऱ्याचं काम आवाज.

हे नवं आहे असं मी म्हणत नाही. उलट ते फार जुनं आहे, म्हणून तर जास्त खुपतं. आपल्या या भागाला कित्येक दशकं एक बिरुद चिकटलेलं होतं: मनिऑर्डरवर जगणारा मुलूख. पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा कुठल्या तरी पेढीवर, आणि दर महिन्याला पोस्टमन पैसे घेऊन दारात. अभ्यासकांनी, पुढाऱ्यांनी, भाषणं करणाऱ्यांनी हे इतक्या वेळा सांगितलं की आपणही ते खरं धरून चाललो. मग भाजावळ कोणी केली? लावणी कोणी लावली, गुरं कोणी सांभाळली, पाणंदीतून डोक्यावर पेंढ्या कोणी आणल्या, काजूबिया कोणी वेचल्या, सासूसासऱ्यांची आजारपणं कोणी काढली? मनिऑर्डर महिन्यातून एकदा यायची आणि तिची पावती असायची. बाईच्या कामाला पावती नव्हती. ज्याची पावती त्याच्या नावानं मुलूख ओळखला गेला. आज पावती पाहुण्याच्या लॅपटॉपला आहे.

आणि गंमत म्हणजे काम नि सुट्टी यांची सरमिसळ कोकणाला शिकवायला बाहेरून कोणी यायची गरजच नव्हती. चाकरमानी रजा काढून गावी यायचा तो आराम करायला थोडाच? मे महिन्यात आला की कौलं परतायची, गडगा ढासळला असेल तो रचायचा, विहिरीतला गाळ उपसायचा. पेरणीला आला तर नांगर धरायचा. गणपतीला आला की मखर, शिमग्याला आला की पालखीला खांदा. मुंबईची सुट्टी म्हणजे गावचं काम, हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्याला कोणी नाव दिलं नाही, कारण त्यातून काही विकायचं नव्हतं.

आता विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. होमस्टेवाली पोरं सांगतात की शनिवार-रविवारच्या पाहुण्यापेक्षा हा पाहुणा शंभर पटींनी बरा. ते खरं आहे, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही ते नाकारता येणार नाही. शनिवारी येणारा गाडी पुळणीवर घालतो, ती वाळूत रुतली की गावातला ट्रॅक्टर शोधतो, रात्री दोनपर्यंत स्पीकर लावतो, बाटल्या सुरूच्या बनात टाकून रविवारी दुपारी निघून जातो. हा महिनाभर राहतो, सोमवार ते शुक्रवारही खोली भरलेली ठेवतो. पावसाळ्यात, जेव्हा 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि किनाऱ्यावर एरवी शुकशुकाट असतो, तेव्हाही घरात चार पैसे येतात. तो गावातलं दूध घेतो, रिक्षावाल्याला ओळखतो, ग्रामदेवतेच्या उत्सवाला हजेरी लावतो. ज्यांचा मुलगा या धंद्यामुळे मुंबईची दहा बाय दहाची खोली सोडून गावी परतला, त्या आईबापांना शब्दाच्या व्युत्पत्तीवर व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही.

पण हाच मुद्दा पुढे नेऊन पाहा. पाहुणा दोन दिवसांचा असतो तेव्हा यजमानीण दोन दिवस कंबर कसते आणि सोमवारी घर पुन्हा तिचं होतं. महिनाभराच्या पाहुण्याला तो सोमवार नसतो. माजघरालगतची खोली त्याची, पडवी त्याच्या ऑफिसची, पोरांनी खळ्यात क्रिकेट खेळायचं ते त्याच्या मीटिंगा आटोपल्यावर. दिवसाला चार वेळा चहा, कारण ऑफिसात मिळतो. कपडे वाळत नाहीत म्हणून चुलीशेजारच्या दोरीवर त्याचेही कपडे. ताजी मासळी नाही म्हटलं की 'कोकणात येऊन मासे नाहीत?' असा निरागस प्रश्न, मग कोणीतरी खाडीवर जाऊन मुडदुशा मिळतात का बघायचं. आणि या सगळ्याचा दर कसा ठरतो? 'लाँग स्टे' म्हणून सवलतीत! शहरातल्या हॉटेलनं ही सवलत द्यावी, कारण खोली रोज नव्यानं विकण्याचा त्याचा खर्च वाचतो. घरात रांधणाऱ्या बाईचा तिसाव्या दिवशीचा स्वयंपाक पहिल्या दिवसापेक्षा स्वस्त कसा होईल? हा हिशेब पोरांना येत नाही असं नाही. पण ज्या शब्दात धंदा मांडलाय त्यात स्वयंपाकाला रकानाच नाही, म्हणून तो मनातही येत नाही. काही घरांत तर पोरानं मोबाइलवर बुकिंग घेतल्याचं आईला पाहुणे दारात उतरल्यावर कळतं.

या पाहुण्यांमुळे गावात इंटरनेट येतं, विजेकडे महावितरणचं लक्ष जातं, असंही सांगितलं जातं. येतं खरं. पण 2020 साल आठवा. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडावरून गेलं. वीस-तीस वर्षांच्या पोफळी नि माड आडवे झाले आणि कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. त्याच वर्षी कणकवली तालुक्यातली एक मुलगी ऑनलाइन तासांसाठी डोंगरावर खोपी करून अभ्यास करत असल्याची बातमी सगळ्यांनी वाचली, जिद्दीचं कौतुक करून पुढे पाठवली. तेव्हाही नेटवर्कची गरज होतीच. शिकणाऱ्या पोरीची गरज ही जिद्दीची गोष्ट आणि पाहुण्याची गरज ही पायाभूत सुविधा, अशी वर्गवारी कोणी केली? वायर आली याचा मला आनंदच आहे. ती कोणाच्या नावानं आली याचा विसर पडू नये, कारण पाहुणे दुसरीकडे वळले की तक्रार करायला पुन्हा आपणच उरतो.

आणखी एक गोष्ट, जी पाहुण्याच्याच हिताची आहे. रविवारची सुट्टी कुठून आली? जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याला एक दिवस सुट्टीची मागणी लावून धरली. 1890 मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली, 1891 च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. त्या गिरण्यांत राबणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं थोडीथोडकी नव्हती. तेव्हा सुट्टी म्हणजे काम नसलेला दिवस, ही व्याख्या मिळवायला आपल्याच पणजोबांनी झगडा केलेला आहे. त्यांच्या पणतवंडांना आज कंपनी सांगते की समुद्रावर जा, मजा करा, फक्त लॅपटॉप उघडा ठेवा. आणि पणतवंडं ती सवलत म्हणून घेतात. रजेच्या खात्यातला एक दिवसही कमी होत नाही म्हणून खूश. अहो, रजा घेतलीच नाही तर कमी कशी होईल? फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत त्या धर्तीचं खासगी विधेयक मांडलं होतं; खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं. समुद्रकाठी रात्री साडेदहाला अमेरिकेशी बोलत बसलेला मुलगा आणि त्याचं ताट झाकून ठेवून ओट्यावर पेंगणारी यजमानीण, या दोघांची जागरणं एकाच शब्दाखाली होतात. त्यातल्या त्याच्या जागरणाला निदान पगार आहे.

काही जण म्हणतील, एवढं रडगाणं गाण्यापेक्षा पाहुणे नकोत असं सरळ सांगा. तसं मला मुळीच म्हणायचं नाही. पाहुणे यावेत, महिनाभर राहावेत, पाटीवर हवा तर तोच शब्द ठेवावा. मोबाइलवर शोधणारा त्याच शब्दानं शोधतो हे मला कळतं. पण पाटीच्या मागे दरपत्रक असतं, ते घरातल्या बाईला बरोबर घेऊन नव्यानं लिहावं. खोलीचा दर वेगळा, जेवणाचा वेगळा, जेवणावर सवलत नाही. चहा दोन वेळा, पुढच्याचे पैसे. आठवड्यातला एक दिवस स्वयंपाकघर बंद. त्या दिवशी पाहुण्यानं खानावळीत जावं किंवा स्वतः पोहे करावेत. रात्री नऊनंतर ताट मिळणार नाही. सकाळी दहा ते एक मिक्सर, पंप आणि पोरं यांचा आवाज होईल, मीटिंग त्या बेतानं ठेवावी. आणि जेवणाचे पैसे जिनं रांधलं तिच्या खात्यात जावेत, मुलाच्या नव्हे. खात्याची अट काही पोरांना सगळ्यांत जास्त झोंबते असं माझ्या ध्यानात आलं आहे. मिक्सरच्या वेळांवर ती लगेच तयार होतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की असं कडक दरपत्रक लावलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गावी जाईल. जाईल, पहिल्या हंगामात काही जाईलही. म्हणून हे एकट्यादुकट्या घरानं करण्यासारखं नाही, वाडीनं मिळून करण्यासारखं आहे. वेळासला कासवांच्या पिल्लांसाठी पाहुणे येऊ लागले तेव्हा ते उतरले गावातल्या घरांतच आणि जेवलेही तिथल्याच चुलीवरचं. किनाऱ्यावर कसं वागायचं याची शिस्तही पाहुण्यांनी पाळली, कारण ती सगळ्या गावाची होती. अंधारात टॉर्च मारू नका, पिल्लांना हात लावू नका, असं सांगितलं म्हणून कोणी रुसून परत गेलं नाही. कासवाच्या पिल्लासाठी जी शिस्त गावाला लावता आली, ती रांधणाऱ्या बाईसाठी लावायला नेमकी अडचण काय आहे, हे ग्रामसभेत पुढच्या वेळी शब्दावरून भांडण सुरू झालं की कोणीतरी उभं राहून विचारावं. शक्यतो ग्रामसभा दुपारी बारा वाजता ठेवू नये, म्हणजे ज्यांना हे विचारायचंय त्यांना चूल सोडून येता येईल.